कृतनाश, अकृताभ्यागम आणि बँकेचा लॉग

केलेल्या कर्माचे फळ न मिळणे म्हणजे कृतनाश आणि न केलेल्या कर्माचे फळ वाट्याला येणे म्हणजे अकृताभ्यागम. कर्माचा हिशेब या दोन्ही दोषांपासून मुक्त हवा, असे बहुतेक भारतीय दर्शनकार मानतात. बँकेच्या संगणकातील ऑडिट लॉगलाही हीच कसोटी लागते.

काउंटरवर खातेदाराचा मोबाइल क्रमांक बदलला, की कर्मचाऱ्याचा युजर आयडी, तारीख, वेळ, जुना व नवा क्रमांक आणि मंजुरी देणाऱ्या अधिकाऱ्याचा आयडी लॉगमध्ये उतरतो. रक्कम चुकीच्या खात्यात गेली, तर ती एन्ट्री खोडत नाहीत, रिव्हर्स करतात. चूक आणि दुरुस्ती दोन्ही कायम राहतात. कृतनाश टळतो तो असा. अकृताभ्यागम टाळणे अवघड. सहकाऱ्याचा पासवर्ड वापरून केलेले काम त्या सहकाऱ्याच्याच नावावर चढते. म्हणून पासवर्ड कोणालाही न देण्याचा नियम असतो.

नोंद अचूक असली तरी हेतूचा प्रश्न उरतोच. बौद्ध विचारात चेतना, म्हणजे करणाऱ्याचा संकल्प, हाच कर्माचा गाभा. अर्जावरून बदललेला क्रमांक आणि फसवणुकीसाठी बदललेला क्रमांक यांच्या ओळी लॉगमध्ये सारख्याच दिसतात. फरक कळण्यासाठी अर्ज, सही आणि साक्ष तपासावी लागते. पुराणातला कर्मांचा हिशेबनीस चित्रगुप्त मनातलेही जाणतो. लॉगची धाव कृतीपर्यंतच.

नोंद किती काळ ठेवावी? भारतात 1985 च्या नियमांनुसार बँकांना काही नोंदवह्या किमान 5 वर्षे, तर लेजर व व्हाउचर किमान 8 वर्षे जपावे लागतात. मनी लाँडरिंग प्रतिबंधक कायद्यानुसार व्यवहाराची नोंद व्यवहारापासून 5 वर्षे ठेवायची असते. मुदतीनंतर नोंद नष्ट करणे हा कृतनाश ठरतो का? जैन दर्शनात कर्म आत्म्याला चिकटते तेव्हाच त्याची मुदत ठरते, हा स्थितिबंध. फळ देऊन झाले, की कर्म गळून पडते. त्याला नाश म्हणत नाहीत, निर्जरा म्हणतात. त्या न्यायाने, जिच्यावरून आता कोणाला जाब विचारायचा उरलेला नाही अशी जुनी नोंद काढून टाकण्यात दोष नाही. चौकशी किंवा दावा चालू असताना ती पुसणे मात्र कृतनाशच.