निवड आणि निवाडा

१५ जून २०१६ रोजी हरारेच्या मैदानावर फैज फजल भारतातर्फे पहिला एकदिवसीय सामना खेळला. झिम्बाब्वेविरुद्ध त्याने नाबाद ५५ धावा केल्या, भारत दहा गडी राखून जिंकला, आणि तोच त्याचा शेवटचा आंतरराष्ट्रीय सामना ठरला. पुढे २०१७-१८ च्या रणजी मोसमात नागपूरच्या या सलामीवीराने ९१२ धावा केल्या, कर्णधार म्हणून विदर्भाला पहिले विजेतेपद मिळवून दिले आणि पुढच्या वर्षी ते राखलेही. तरी भारतीय संघात त्याला पुन्हा बोलावणे आले नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये तो निवृत्त झाला तेव्हा प्रथम श्रेणीच्या ९,००० हून अधिक धावा त्याच्या नावावर होत्या. अशा कारकिर्दीविषयी आपल्याकडे दोन उत्तरे तयार असतात. ‘कुठेतरी कमी पडला असेल’ हे एक आणि ‘नशिबात नव्हते’ हे दुसरे. पहिले व्यवहारी वाटते, दुसरे भाविक. पण दोन्हींच्या तळाशी समजूत एकच आहे, की निवड हा माणसाच्या लायकीवरचा निवाडा असतो; पहिल्या उत्तरात तो निवड समिती देते, दुसऱ्यात प्रारब्ध. ही समजूत खोटी आहे आणि तिचा खोटेपणा दाखवायला आपलीच विचारपरंपरा पुरेशी आहे, असे मला ठामपणे वाटते.

आधी पुरावा पाहू. हरियाणाचे राजिंदर गोयल आणि मुंबईचे पद्माकर शिवलकर, दोघेही डावखुरे फिरकी गोलंदाज. गोयल यांनी प्रथम श्रेणीत ७५० बळी घेतले, त्यातले ६३७ रणजी स्पर्धेत. शिवलकर यांनी ५८९ घेतले. १९७२-७३ च्या रणजी अंतिम सामन्यात चेन्नईच्या खेळपट्टीवर शिवलकरांनी एका डावात १६ धावांत ८ आणि दुसऱ्यात १८ धावांत ५ गडी बाद केले. दोघेही एकही कसोटी खेळले नाहीत, कारण त्याच काळात त्याच पद्धतीची गोलंदाजी करणारे बिशनसिंग बेदी संघात होते. बेदींनी ६७ कसोटींत २६६ बळी घेतले, तेव्हा त्यांना खेळवण्यात अन्याय झाला असे कोणी म्हणणार नाही. आता कल्पना करा, की बेदी दहा वर्षे उशिरा जन्मले असते. शिवलकरांच्या बोटांत, टप्प्यात, धीरात तसूभरही फरक पडला नसता, पण बहुधा कसोटी कारकीर्द मात्र त्यांना मिळाली असती. जी गोष्ट माणसात काहीही न बदलता बदलू शकते, ती त्या माणसाचा गुण किंवा दोष कशी ठरेल? निवड म्हणजे जागा, काळ, स्पर्धक आणि गरज यांचा त्या वेळी जुळलेला मेळ. लायकी हा त्यातला एक घटक आहे, आवश्यकही आहे, पण एकटी पुरेशी कधीच नाही.

यावर पहिला आक्षेप येतो तो वजनदार आहे. खालच्या पातळीवरचे यश वरच्या पातळीवर टिकतेच असे नाही, आणि निवडणारे नेमके तेच पारखत असतात. अमेरिकेतल्या बास्केटबॉलमध्ये हे स्वच्छ दिसते. तिथे साडेतीनशेहून अधिक महाविद्यालये पहिल्या श्रेणीत खेळतात आणि एनबीएच्या वार्षिक निवडीत दोन फेऱ्या मिळून साधारण साठच जागा असतात. महाविद्यालयीन तीन गुणांची रेषा बास्केटपासून २२ फूट पावणेदोन इंचांवर, तर एनबीएची २३ फूट ९ इंचांवर. पण खरी अडचण त्या दीड फुटाची नसते. समोरचा बचावपटू आता अधिक उंच आणि अधिक चपळ असतो. चेंडू हातातून सुटायला जो क्षण महाविद्यालयात मिळत होता, तो इथे मिळत नाही. शिवाय दुसऱ्या टोकाला त्याच नेमबाजाला जगातल्या सर्वांत वेगवान खेळाडूंना अडवावे लागते. जिमर फ्रेडेट २०१०-११ मध्ये ब्रिगहॅम यंग विद्यापीठाकडून खेळताना अमेरिकेतला सर्वाधिक सरासरीने गुण मिळवणारा महाविद्यालयीन खेळाडू होता. २०११ च्या निवडीत त्याला दहावा क्रमांक मिळाला, पण एनबीएमध्ये त्याचा जम बसला नाही. म्हणजे ‘कमी पडला’ हे उत्तर काही वेळा खरे असते, हे मान्य करायला हवे. मात्र ते खरे ठरण्यासाठी परीक्षा व्हावी लागते. फ्रेडेटची ती झाली. शिवलकरांची कसोटीत झालीच नाही; फजलची एका सामन्यापुरती झाली आणि त्यात त्याने सोपवलेले काम पूर्ण केले. न घेतलेल्या परीक्षेत नापास ठरवणे हा तर्कदोष आहे. शिवाय फ्रेडेटच्या बाबतीतही सिद्ध झाले ते एवढेच, की एका खेळाच्या एका पातळीच्या गरजांशी त्याचे कौशल्य पूर्णपणे जुळले नाही. त्याची महाविद्यालयातली नेमबाजी त्यामुळे खोटी ठरत नाही.

आता दुसऱ्या, भाविक उत्तराकडे वळू. नशिबाचे नाव घेणारे बहुधा गीतेचा आधार मानतात, पण गीतेच्या अठराव्या अध्यायातले विवेचन त्यांना साथ देत नाही. तिथे कोणत्याही कर्माच्या सिद्धीची पाच कारणे सांगितली आहेत: अधिष्ठान, कर्ता, निरनिराळी करणे, विविध चेष्टा आणि पाचवे दैव. दैव यादीत आहे, पण ते पाचवे आहे आणि आधीच्या चारांना ते पुसून टाकत नाही. त्यानंतर गीता जे सांगते ते अधिक महत्त्वाचे आहे: पाच कारणे असताना जो केवळ स्वतःलाच कर्ता समजतो, त्याला नीट दिसत नाही. हा विचार दोन्ही बाजूंना लागू होतो. जो वर पोहोचला त्याने ‘हे सगळे माझेच’ म्हणू नये, हे आपण सहज मान्य करतो. पण जो पोहोचला नाही त्यानेही ‘हे सगळे माझ्यामुळेच’ म्हणू नये, हा त्याच विचाराचा दुसरा अर्धा भाग आपण विसरतो. अपयशाचे कर्तेपण एकट्याच्या माथी मारणे हाही अहंकाराइतकाच दृष्टिदोष आहे.

याच ठिकाणी नागपूरने आधुनिक भारताला दिलेला प्रश्न पुढे येतो. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी याच शहरात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात त्यांनी पूर्वजन्मीच्या कर्माच्या कल्पनेवर कठोर हरकत घेतली आहे: माणसाची आजची स्थिती मागच्या जन्माच्या कर्माने ठरते असे मानले, की त्या स्थितीची जबाबदारी समाजावर उरतच नाही. क्रिकेट संघातली जागा आणि शतकांचे दारिद्र्य यांची बरोबरी करणे अनुचित ठरेल. पण विचाराची पद्धत दोन्हीकडे सारखीच लागू पडते. जिथे आपण ‘प्रारब्ध’ म्हणून थांबतो, तिथे बहुधा माणसांनी केलेली एखादी व्यवस्था तपासायची राहून गेलेली असते. विदर्भ १९५७-५८ पासून रणजी खेळतो आहे. विदर्भाकडून खेळणारा पहिला कसोटीपटू, उमेश यादव, २०११ मध्ये आला. मधल्या अर्धशतकात या भागातल्या प्रत्येक पिढीच्या प्रारब्धातच काही उणे होते असे समजायचे काय? संघ वर्षानुवर्षे खालच्या गटात खेळत राहिला, की त्यातल्या धावा आणि बळी निवड करताना हलके धरले जातात. सोयी, प्रशिक्षण, नजरेत येण्याच्या संधी मोठ्या केंद्रांत एकवटतात. ही कारणे माणसांच्या हातातली होती. प्रशिक्षण आणि संघबांधणी सुधारल्यावर २०१७-१८, २०१८-१९ आणि २०२४-२५ अशी तीन विजेतेपदे आली. प्रारब्ध मानून स्वस्थ बसलेल्यांना ती मिळाली नसती.

दुसरा आक्षेप इथेच निघतो: उमेश यादव पोहोचलाच ना? वलनीच्या कोळसा खाणीतल्या कामगाराचा मुलगा भारतासाठी गोलंदाजी करतो, तर ज्याच्यात खरोखर दम आहे तो पोहोचतोच. हे अनुमान घाईचे आहे. एकजण पोहोचला यावरून वाट आहे एवढे कळते. त्या वाटेने जाण्यास योग्य असलेले सगळे पोहोचले, हे त्यातून निघत नाही. पोहोचलेल्यांची नावे आपल्याला दिसतात आणि न पोहोचलेल्यांची दिसत नाहीत, म्हणून व्यवस्था अचूक वाटते. याच जातीचे आणखी एक अनुमान अमोल मुझुमदारच्या बाबतीत केले जाते. प्रथम श्रेणीत ११,००० हून अधिक धावा करूनही तो भारताकडून खेळला नाही, पण नोव्हेंबर २०२५ मध्ये त्याच्या प्रशिक्षणाखाली भारतीय महिलांनी विश्वचषक जिंकला, तेव्हा नियतीने शेवटी न्याय केला असे अनेकांना वाटले. तो विजय मुझुमदारच्या आणि त्या खेळाडूंच्या कामाचा आहे. तो नियतीच्या खाती जमा केला, तर शिवलकरांना तिने काय दिले याचे उत्तर द्यावे लागेल.

मग निष्काम कर्माचे काय? फळाची आशा न धरता कर्म करावे, ही शिकवण मला या सगळ्या चर्चेत सर्वांत मोलाची वाटते आणि म्हणूनच तिचा गैरवापर सर्वांत जास्त खुपतो. पवनारच्या विनोबांनी १९३२ मध्ये धुळ्याच्या तुरुंगात गीतेवर प्रवचने दिली. फळावरचे लक्ष सुटले की कर्म ढिले न होता उलट अधिक एकाग्र आणि अधिक चोख होते, असे त्यांचे प्रतिपादन होते. खेळात हे पडताळून पाहता येते. ३० डिसेंबर २०१७ ला इंदूरच्या होळकर स्टेडियमवर रणजी अंतिम सामन्यात विदर्भाच्या रजनीश गुरबानीने एका षटकाच्या शेवटच्या दोन चेंडूंवर विकास मिश्रा आणि नवदीप सैनी यांचे त्रिफळे उडवले. मध्ये दुसऱ्या टोकाचे षटक गेले. पुन्हा चेंडू हाती आल्यावर पहिल्याच चेंडूवर त्याने १४५ धावांवर खेळणाऱ्या ध्रुव शौरीचाही त्रिफळा उडवला. त्या थांबलेल्या षटकात मनात भारतीय संघाची टोपी घोळत राहिली असती, तर तो चेंडू तसा पडला असता का? रणजी अंतिम सामन्यातली ती दुसरी हॅट्‌ट्रिक होती. पहिली तमिळनाडूच्या कल्याणसुंदरमची, शिवलकरांनी तेरा बळी घेतलेल्या त्याच सामन्यातली. कल्याणसुंदरमही कसोटी खेळला नाही, गुरबानीला आजवर भारतीय संघात जागा मिळालेली नाही. तरी यष्टी उडाल्या ही घटना पूर्ण आहे. ती खरी ठरायला पुढच्या कोणत्याही नेमणुकीची गरज नाही.

पण निष्कामता हे ज्याने त्याने स्वतः घ्यायचे व्रत आहे. निवड करणाऱ्याने ते खेळाडूवर लादले, की त्याचे अध्यात्म संपते आणि पळवाट सुरू होते. फळे काल्पनिक नाहीत. २०२१ पासूनच्या दरांप्रमाणे चाळीसहून अधिक सामने खेळलेल्या रणजी खेळाडूला दिवसाला ६०,००० रुपये मानधन आहे. एका कसोटीचे मानधन १५ लाख आहे. गोयल-शिवलकरांच्या पिढीला तर यातले काहीच नव्हते. २०१७ मध्ये क्रिकेट मंडळाने त्यांना सी. के. नायडू जीवनगौरव पुरस्कार दिला, तेव्हा दोघांनी सत्तरी ओलांडली होती. ज्यांच्या नावाचा तो पुरस्कार, ते भारताचे पहिले कसोटी कर्णधार नागपुरात जन्मले होते. खेळाडूने फळाची आस सोडावी, पण फळे वाटणाऱ्याने न्याय सोडू नये. किंबहुना जो कर्म चोख करून फळ दुसऱ्याच्या हवाली करतो, त्याच्याशी न्यायाने वागण्याचे कर्तव्य दुप्पट होते.

शेवटचा आक्षेप असा, की निवडीला निवाडा मानायचे नाही, तर मुलांनी मेहनत कशासाठी करायची? जिथे बक्षीस अनिश्चित, तिथे उमेद टिकणार कशी? याचे उत्तर उलट दिशेने शोधावे लागते. उमेद खचते ती बक्षीस अनिश्चित असल्यामुळे नव्हे, तर बक्षिसालाच आपली किंमत समजायला शिकवल्यामुळे. अकरा जागांसाठी हजारो पात्र मुले खेळणार असतील, तर बहुतेकांना ती जागा मिळणार नाही हे गणित कोणत्याही उपदेशाने बदलत नाही. त्यांना लहानपणापासून निवड हीच लायकी असे सांगणे म्हणजे बहुतेकांना आधीच नालायक ठरवून ठेवणे आहे. त्याऐवजी पालकांनी आणि प्रशिक्षकांनी दोन प्रश्न कायम वेगळे ठेवावेत: तू जे केलेस ते किती चांगले केलेस, आणि निवड करणाऱ्यांनी त्यांचे काम किती नीट केले. पहिल्याचे उत्तर खेळाडूने द्यायचे, दुसऱ्याचे मंडळाने आणि समितीने जाहीरपणे द्यायचे. राहील तो खरोखरच दैवाचा भाग. तो मान्य करण्यात कमीपणा नाही. मात्र तो सर्वांत शेवटी मोजावा, आधीची चार कारणे तपासून झाल्यावर.