भाड्याचा एकांत

हिवाळा लागला की सुरतेभोवती कामरेज, ओलपाड, डुमसच्या बाजूची फार्महाउसे एका दिवस-रात्रीसाठी भाड्याने जाऊ लागतात. पोंकाचे हे दिवस. ज्वारीची कोवळी कणसे निखाऱ्यात भाजून, कापडात गुंडाळून काठीने झोडपतात आणि सुटलेले हिरवे दाणे शेवेबरोबर खातात. खानदेशातून येऊन उधना-लिंबायतमध्ये स्थिरावलेल्या मराठी कुटुंबांच्या लेखी हा हुरडाच. पण शहराबाहेर पडणाऱ्याला पोंकाइतकीच ओढ निवांतपणाची असते, आणि तिथे धर्मविचारातला एक जुना प्रश्न उभा राहतो: एकांत जागेत असतो की मनात?

गीतेच्या तेराव्या अध्यायात ज्ञानाची लक्षणे सांगताना ‘विविक्त’ जागी राहणेही त्यांत धरले आहे. विविक्त म्हणजे वेगळे काढलेले. विवेक हा शब्दही त्याच धातूचा. ज्ञानेश्वरीच्या सहाव्या अध्यायात योगाभ्यासाची जागा फार प्रेमाने रंगवली आहे: निर्मळ पाणी, सदा फळणारी झाडे, मंद वारा, विरळ पाखरे. विलासी माणसालाही पाहताक्षणी राज्य सोडून इथेच राहावे असे वाटावे, अशी ती जागा. रोमन सम्राट मार्कस ऑरेलियस याच्या नेमके उलट सांगतो. खेड्यातले घर, समुद्रकिनारा, डोंगर कशाला हवेत, माणसाला हव्या त्या घडीला स्वतःतच परतता येते, असे त्याचे म्हणणे. तुकाराम भंडारा-भामचंद्राच्या डोंगरांवर बसले आणि कीर्तनाला देहूत उभे राहिले. ही ये-जाच माणसाच्या स्वभावाला अधिक धरून आहे. मोठाले स्पीकर बरोबर नेणाऱ्याला मात्र ना जागा लाभते, ना मन.

सुरतेत जैनांची वस्ती मोठी. त्यांच्या परंपरेत या प्रश्नाची सर्वांत मोलाची बाजू सापडते. तत्त्वार्थसूत्रातल्या सहा बाह्य तपांपैकी पाचवे विविक्तशय्यासन, म्हणजे निवांत जागी झोपणे-बसणे. साधूला स्वतःचे घर नसते. मालकाची परवानगी घेऊन तो उतरतो. आसरा देणाऱ्याला शय्यातर म्हणतात, आणि त्याच्या घरची भिक्षा साधूला वर्ज्य असते. ज्याने छप्पर दिले त्याच्यावर अन्नाचाही भार पडू नये, इतकी बारीक काळजी या नियमात आहे.

फार्महाउसचे भाडे मालकाला पोहोचते. प्रत्यक्ष आसरा देतो तो फाटकाजवळच्या खोलीत बायकोपोरांसह राहणारा रखवालदार. पाहुणे रात्री दोनला झोपतात. तो पाचला उठून अंगणातली पोंकाची फोलपटे झाडतो. शय्यातराचा नियम इथे लावायचा तर सुरुवात त्याच्या खोलीपासून करावी लागते: उष्टी ताटे ज्याची त्याने उचलायची, गाणी दहाला बंद करायची, आणि पोंकाची पहिली परात फाटकाकडे धाडायची.