दुकानाला काय ठाऊक होतं

सकाळी लवकर, उन्हं चढायच्या आत, लोणारच्या विवराच्या काठावर बसा. तिथे जाता येत नसेल तर डोळे मिटून मनानं या, तेही चालेल. पाठ गावाकडे, तोंड पाण्याकडे. टेकायला काळा दगड कुठेही मिळेल. समोर सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचं वाटोळं खोरं आहे, उतारावर दाट झाडी, तळाशी हिरवट पाणी. झाडीतून मोर ओरडेल, ओरडू द्या. श्वास मुद्दाम लांबवू नका. तो जसा येतो तसा येऊ द्या.

इथे येणारा प्रत्येकजण हे विवर करणाऱ्या उल्केचा विचार करतो. आपण आज तो करायचा नाही. बंद पडलेल्या एका दुकानाची आठवण काढायची आहे, आणि ते दुकान तुमचं आहे. मालकीचं नव्हे, तुमच्या जाण्यायेण्यातलं. मुठीत पैसे देऊन घरच्यांनी तुम्हाला जिथे पहिल्यांदा एकट्याला धाडलं ते असेल. शाळेच्या वाटेवरचं सायकली भाड्यानं देणारं असेल, एसटी स्टँडसमोरचं हॉटेल असेल, कॅसेटचं असेल, शिंप्याचं असेल. नाव आठवत नसेल तर अडू नका. आधी वास येतो बहुधा: गिरणीतल्या गरम पिठाचा, नव्या कोऱ्या कापडाचा, रॉकेलचा. मग पायरी आठवते, तिची उंची आठवते. तेवढं आलं की थांबा. तिथेच उभे राहा थोडा वेळ.

यासाठी लोणार का निवडलं ते सांगते. हे खोरंसुद्धा एक उठून गेलेला बाजार आहे.

अबुल फजलनं सोळाव्या शतकाच्या अखेरीस ‘ऐन-ए-अकबरी’त वऱ्हाड सुभ्याची नोंद केली, तेव्हा लोणारबद्दल लिहिताना त्याला इथला माल महत्त्वाचा वाटला. काच आणि साबण करायला लागणारे पदार्थ इथे मिळतात, आणि त्यातून सरकारला चांगला महसूल येतो, असं त्यानं नोंदवलं. या तळ्यात पाणी येतं, पण बाहेर जायला वाट नाही. उन्हानं पाणी उडून जातं आणि त्यातला खार मागे राहतो. उन्हाळ्यात पाणी मागे सरलं की काठच्या चिखलावर पांढरा थर धरायचा. माणसं तो गोळा करायची, वाळवायची, विकायची. बांगड्यांच्या काचेला तो लागे, साबणाला लागे, कापडाचा रंग पक्का करायला लागे. पुराणकथेत हा सगळा भाग लोणासुराचा आहे. विष्णूनं त्याला मारलं, त्याच्या रक्ताचं पाणी झालं आणि मांसाचा खार झाला. गावातलं दैत्यसूदनाचं देखणं मंदिर त्याच कथेचं.

आता मी म्हणते तिकडे मनानं नीट बघा. काठाच्या चिखलावर पांढरं काहीतरी आहे. तुम्हाला आणि मला ते नुसतं पांढरं दिसतं. त्या धंद्यातल्या माणसांना तिथे डल्ला दिसे, निमक दिसे, खुप्पल, पापडी, भुस्की दिसे. प्रत्येकाचं काम निराळं आणि भाव निराळा. एकाच चिखलावर नजर फिरवून त्यांना ते कळत होतं. धंदा गेला तेव्हा खार गेला नाही, तो अजून तिथेच आहे. गेली ती नजर.

इथे बराच वेळ थांबा. मला सांगायचं आहे ते एवढंच आहे, बाकी सगळं त्याच्याच आजूबाजूचं.

आता तुमच्या दुकानाकडे परत या आणि त्याला विचारा, तुला काय ठाऊक होतं? काय विकत होतास, हे नको. शिंप्याला ठाऊक होतं की तुमचा एक खांदा किंचित उतरता आहे. त्यानं ते कधी बोलून दाखवलं नाही, शिवताना सांभाळून घेतलं. किराणावाला ज्वारी तळहातावर घेऊन अंगठ्यानं चोळायचा आणि यंदाची की जुनी ते सांगायचा. घरातला पगार थांबला त्या महिन्यात त्यानं खातेवही उघडली, लिहिलं आणि मिटली. ते तुम्ही लहानपणी पाहिलं असेल, कळलं मात्र फार नंतर. कल्हईवाला भांड्याला टिचकी मारायचा आणि आवाजावरून भांडं ओळखायचा.

मला कासाराच्या दुकानाशी जास्त वेळ बसावंसं वाटतं, कारण काच या खाराच्या नात्यातली. बांगड्या भरायला बसलेल्या बाईचा हात कासार हातात घेतो. माप सांगावं लागत नाही. अंगठा आत वळवतो, हाडांजवळचा भाग दाबून मऊ करतो, आणि फुटेल फुटेल वाटणारी बांगडी मनगटावर उतरवतो. हे करताना तो बोलत राहतो, म्हणजे हात सैल पडतो. लग्नाचा चुडा कोणाचा, डोहाळजेवणाच्या हिरव्या बांगड्या कोणाच्या, सणाला माहेरी आलेली कोण, हे त्या हातांना कळत होतं. राबून राबून कोणाचा हात यंदा कडक झाला, हेही. अशा दुकानाला कुलूप लागतं तेव्हा बांगड्या दुसरीकडे मिळतात, पाकिटातून, आकड्यावरून. आपला हात ओळखणारं कोणी मात्र राहत नाही. आपण हळहळतो ते मालासाठी नव्हे. आपल्याबद्दलचं काही फक्त तिथे जमा होतं, आणि ते आता कुठेच नाही.

हे लक्षात आलं की छातीत थोडं दुखेल. दुखू द्या. त्यावर लगेच काही औषध शोधू नका.

मग राग येईल. कोणी बंद पाडलं? त्यालाही जागा द्या, पण त्याला नीट बघायला लावा. आधी तळ्याचंच बघा. इथला खार म्हणजे मुख्यतः सोडाच, आणि १८६० च्या दशकात बेल्जियममधल्या सोल्व्हे बंधूंनी मीठ आणि चुनखडीपासून सोडा तयार करण्याची स्वस्त पद्धत बसवली. पुढे आपल्याकडेही गुजरातेत मिठापूरला सोड्याचा मोठा कारखाना उभा राहिला. कारखान्याचा सोडा गोणीगणिक सारखा, बारमाही, पावसावर आणि आटण्यावर न अवलंबणारा. तळ्याकाठचा खार गोळा करणाऱ्याचं नावही त्या रसायनशास्त्रज्ञांना माहीत नव्हतं. त्यांचं त्याच्याशी वैर नव्हतं. तुमचं दुकान मोडणाऱ्या गोष्टीही बहुतेक अशाच दूरच्या असतील: तयार कपडे, बायपास, मोबाइल.

आता मनानंच खाली उतरा, झाडीतून, कमळजा देवीच्या मंदिरापर्यंत. अगदी काठाला उभे राहा. या पाण्याचा सामू दहाच्या आसपास आहे, म्हणजे साबणाच्या पाण्यासारखं ते अल्कधर्मी आहे. भेगाळलेल्या टाचांनी, वैशाखाच्या उन्हात, या चिखलात दिवसभर उभं राहणाऱ्या माणसाच्या पायांचा विचार करा. त्याला या धंद्याची ओढ होती का? आपल्या लेकरानंही इथेच उभं राहावं असं त्याला वाटलं असेल का?

आणि तुमचा दुकानदार? पहाटे शटर वर, रात्री उशिरा दुकान वाढवायचं, बहिणीच्या लग्नातही अर्धा दिवस. पोटऱ्यांच्या शिरा फुगलेल्या. गल्ल्यामागे बसून मुलाचा अभ्यास घेणारा तो माणूस मुलाला गादीवर बसवण्यासाठी शिकवत नव्हता. मुलगा पुण्याला गेला, नोकरीला लागला, दुकान बंद झालं. आपल्याला ते दुःख वाटतं. त्याच्या घरी त्या दिवशी पेढे वाटले असतील. ही दोन्ही खरी आहेत, आणि मनात शेजारी शेजारी ठेवायला जड जातात. तरी ठेवा. आठवणीत त्याच्या दुखऱ्या पायांना जागा नसेल, तर आपण त्या माणसाला धरून ठेवलेलं नाही, फक्त आपल्या लहानपणाला धरून ठेवलं आहे.

तळ्याच्या बाबतीतही मला धंदा परत यावा असं वाटत नाही. सन २००० मध्ये इथे अभयारण्य जाहीर झालं, २०२० मध्ये हे रामसर स्थळ झालं. खार आता जिथल्या तिथे राहतो, आणि ते योग्य आहे. ती नजर गेल्याचं दुःख त्यानं कमी होत नाही.

जून २०२० आठवा. टाळेबंदी होती. त्या दिवसांत लोणारचं पाणी गुलाबी झालं. लोक घाबरले, चकित झाले. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेनं नमुने तपासले तेव्हा कळलं की खारट पाण्यात जगणाऱ्या सूक्ष्म जीवांनी तयार केलेलं ते रंगद्रव्य आहे. पाणी घटलं, खारटपणा वाढला, आणि तो रंग सगळ्यांना दिसला. पावसाळ्यानंतर पाणी पुन्हा हिरवट झालं. त्याच दिवसांत गावोगावी खाली आलेली काही शटरं मात्र पुन्हा वर गेली नाहीत. तुमचं दुकान त्यातलं असेल, तर त्याचा निरोप घ्यायलाही कोणी जमलं नव्हतं. तो आत्ता घ्या. मनात पायरी चढा, आत जा. दुकानदाराला तुम्ही ज्या नावानं हाक मारत होता, काका, भाऊ, शेठजी, त्याच नावानं हाक मारा. आणि तुमच्याबद्दल जे फक्त त्याला ठाऊक होतं, ते एका वाक्यात त्याला सांगा. ‘काका, तुम्ही वहीत लिहिलं आणि घरी कोणाला बोलला नाहीत.’ एवढंच. उत्तराची वाट बघू नका.

श्वास पुन्हा आपला आपण चालू द्या. पाय मोकळे करा.

मग उठा, वर या, धारेवरून गावात शिरा. जी दुकानं उघडी आहेत त्यातल्या एखाद्यात जा. काही विकत घ्या, आणि पैसे देताना एक प्रश्न विचारा: हा माल चांगला की वाईट, हे तुम्ही कशावरून ओळखता? गिऱ्हाईक नसलेली दुपारची वेळ असेल तर स्टूल पुढे येईल. बसा, आणि दुकानदार हातात घेऊन दाखवेल ते बघा.