अनेसिमास परत कां पाठविलें?

पौलाच्या पत्रांत सर्वांत लहान पत्र फिलेमोनास लिहिलेलें आहे. अवघीं 25 वचनें. उपासनेंत तें क्वचितच वाचलें जातें, आणि वाचलें तरी घाईनें. कारण त्यांत मोठा सिद्धांत नाहीं, चमत्कार नाहीं, एका चाकराला धन्याकडे परत धाडल्याची हकीकत तेवढी आहे, असें पुष्कळांस वाटतें. परंतु जो कोणी तें थांबून वाचील त्याच्या मनांत एक बोचरा प्रश्न उभा राहिल्यावांचून राहणार नाहीं. प्रेषितानें एका गुलामास त्याच्या मालकाच्या हातीं पुनः दिलें, हें न्यायाचें झालें काय?

‘गुलाम’ हा शब्द मीं बुद्ध्याच घातला आहे. आपल्या मराठी शास्त्रांत ‘दास’ असें म्हटलें आहे, आणि दास म्हटलें कीं आपल्या कानीं भक्तीचा शब्द पडतो. या भूमींतील संत आपणांस देवाचे दास म्हणवीत आणि त्यांत धन्यता मानीत. परंतु फिलेमोनाच्या घरांतला दास असा नव्हता. रोमी कायद्याप्रमाणें तो मालमत्ता होता; बैलासारखा विकतां येई, त्याचें लग्न कायद्यानें लग्न समजलें जात नसे, आणि तो पळून जाऊन सांपडला तर त्याच्या कपाळावर डाग देत किंवा गळ्यांत लोखंडी कडें अडकवीत. इ.स. 61 सालीं रोम शहराच्या एका मोठ्या अधिकाऱ्यास त्याच्या एका गुलामानें ठार मारलें. तेव्हां जुन्या वहिवाटीप्रमाणें त्या घरांतील सर्वच्या सर्व 400 गुलामांस, त्यांत बायका व मुलेंही, मरणदंड देण्यांत आला. शहरचे सामान्य लोक याविरुद्ध रस्त्यावर आले, तरी शिक्षा टळली नाहीं. हें टॅसिटस या इतिहासकारानें लिहून ठेवलें आहे. पौलाचें पत्र याच सुमाराच्या काळांतलें आहे. तें रोमच्या तुरुंगांतून लिहिलें अशी जुनी समजूत आहे. कित्येक अभ्यासक इफिस म्हणतात, कारण अनेसिमाचें गांव कलस्सै तेथून जवळ पडतें. कोठूनही लिहिलें असो, गुलामाला परत जा म्हणणें म्हणजे काय, हें लिहिणाऱ्यास ठाऊक होतें आणि जाणाऱ्यास त्याहून अधिक ठाऊक होतें.

अनेसिम पळून आला होता असें आपण सर्व सांगतों, पण पत्रांत तसा शब्द नाहीं. तो कांहीं काळ दूर झाला, आणि त्यानें कांहीं नुकसान केलें असेल तर, एवढेंच पौल म्हणतो. प्रोक्युलस या रोमी कायदेपंडिताचें मत असें होतें कीं, धन्याचा कोप झाल्यावर जो गुलाम धन्याच्या मित्राकडे रदबदलीसाठीं जातो त्यास फरारी म्हणूं नये. अनेसिम याच हेतूनें पौलाकडे आला असेल काय? असेल. मला तें संभवनीय वाटतें. पण आग्रह धरवत नाहीं.

अशी रदबदलीचीं पत्रें त्या काळीं इतरही लिहीत. पौलानंतर सुमारें 40 वर्षांनीं प्लिनी नांवाच्या एका थोर रोमी गृहस्थानें आपल्या मित्राला असेंच पत्र लिहिलें. मित्राच्या घरचा एक मुक्त केलेला गुलाम त्याच्याकडे येऊन रडला होता. प्लिनी लिहितो त्याचा मतितार्थ असा: तुझा राग रास्त आहे, मींही त्याला खरपूस बोललों आहें, पण तो तरुण आहे, पस्तावला आहे, त्याला छळूं नको. पत्र दयेचें आहे यांत संशय नाहीं, आणि मित्रानें तें ऐकलेंही. आतां त्याच्या शेजारीं पौलाचें पत्र ठेवून पाहा. पौल अनेसिमाला एक शब्दही रागें भरत नाहीं. त्याला तो आपलें लेंकरूं म्हणतो, आपलें काळीज म्हणतो. फिलेमोनाकडे तो दया मागत नाहीं. याला माझ्यासारखाच समजून घरांत घे, गुलाम म्हणून नव्हे, भाऊ म्हणून घे, असें मागतो. आणि नुकसानीविषयीं तर त्यानें स्वतःच्या हातानें रोखाच लिहून दिला आहे: जें देणें असेल तें माझ्या नांवें मांड, मीं फेडीन. सावकाराच्या दारीं ज्यांनीं आयुष्य काढलें त्यांस या वचनाचा अर्थ सांगावा लागणार नाहीं.

आणखी एक गोष्ट. पत्र एकट्या फिलेमोनास नाहीं. अप्फिया, अर्खिप्प आणि त्याच्या घरीं जमणारी मंडळी यांचींही नांवें आरंभीं आहेत. अर्थात् तें सर्वांदेखत वाचलें जावयाचें होतें, आणि मालकाला आपला राग खोलींत कोंडून ठेवण्यास जागा राहिली नव्हती.

तरीपण माझें समाधान पुरतें होत नाहीं. ‘याला मुक्त कर’ हे शब्द पौलानें लिहिले नाहींत. मीं सांगतों त्याहून तूं अधिक करशील, एवढें म्हणून तो थांबला. त्या न बोललेल्या शब्दाची किंमत पुढें कोणीं दिली? अमेरिकेंत 1850 सालीं पळालेल्या गुलामांस परत देण्याचा कडक कायदा झाला, तेव्हां कित्येक पाळकांनीं हेंच पत्र त्याच्या समर्थनार्थ पुढें केलें. त्याआधीं 1833 सालीं जॉर्जिया प्रांतांत चार्ल्स जोन्स या पाळकानें, जो स्वतः गुलामांचा मालक होता, या पत्रावरून गुलामांस उपदेश केला कीं पळून जाणें पाप आहे. अर्धे श्रोते उठून चालते झाले. राहिलेल्यांपैकीं कांहींनीं सांगितलें, असें पत्र पवित्र शास्त्रांत नाहींच. ही हकीकत जोन्सनेंच पुढें लिहिली. त्यांना अक्षरओळख नव्हती, पण त्या पाळकानें वाचलेलें पत्र खरोखरच शास्त्रांत नव्हतें, असें मला वाटतें. त्यानें मालकाला लिहिलेलें पत्र गुलामाला वाचून दाखविलें. पौलानें आर्जव केलें, भार टाकला, तो सर्व फिलेमोनावर.

आपल्या देशांत वेठबिगारी कायद्यानें 1976 सालीं मना झाली, पण धन्याच्या बाकीखालीं दबलेलीं माणसें ज्या मंडळींत बसतात तेथें उपदेशक बंधूंनीं हें पत्र कोणाच्या तोंडाकडे पाहून वाचावें, याचा विचार करावा.

फिलेमोनानें काय केलें हें कोठें लिहिलेलें नाहीं. पत्र मात्र जपून राहिलें, आणि ज्यास तें मानवलें नसतें त्यानें तें जपलें नसतें, असा तर्क करतां येतो. दुसऱ्या शतकाच्या आरंभीं इग्नाटियानें इफिसच्या मंडळीस लिहिलेल्या पत्रांत तेथील बिशपाचें नांव अनेसिम आहे. तोच हा काय? नांव गुलामांत सर्रास होतें. त्याचा अर्थ ‘उपयोगी’. म्हणून मीं होय म्हणत नाहीं.

पत्राच्या शेवटीं पौलानें एक घरगुती मागणी केली आहे. माझ्यासाठीं उतरण्याची जागा तयार ठेव, तुमच्या प्रार्थनांनीं मीं तुमच्याकडे येईन, अशी आशा आहे. अनेसिमाला कोठें निजविलें आहे, हें तेव्हां त्याला दिसणारच होतें.