टोक आणि पृष्ठभाग

निरीक्षकाने लांब उभे राहावे, समोरच्या वस्तूला धक्का लावू नये, अशी विज्ञानाबद्दल आपली एक सोवळी कल्पना असते. दुर्बिणीपुरती ती ठीक आहे. पाहिल्याने ताऱ्याला काही होत नाही. पण १९८९ साली टेक्सास विद्यापीठात ॲलन बार्ड आणि सहकाऱ्यांनी मांडलेला स्कॅनिंग इलेक्ट्रोकेमिकल मायक्रोस्कोप हे सोवळे पाळतच नाही.

त्यात भिंग नसते. काचेत बंद केलेल्या प्लॅटिनमच्या तारेचे, अनेकदा १० मायक्रोमीटर व्यासाचे, उघडे टोक द्रावणात बुडवून पृष्ठभागाच्या अगदी जवळ नेतात. द्रावणातल्या फेरोसीनच्या संयुगातून टोक इलेक्ट्रॉन काढून घेते आणि तो रेणू खाली सरकतो. खाली धातू असेल तर गेलेला इलेक्ट्रॉन तिथे भरून मिळतो, रेणू पुन्हा टोकाकडे येतो आणि प्रवाह वाढतो. काच असेल तर भरपाई नाहीच, उलट नव्या रेणूंची वाटही अडते, प्रवाह घटतो. नॅनोअँपिअरच्या या चढउतारांतून नकाशा तयार होतो. (प्रवाह वाढला तो जागा उंच म्हणून की जास्त क्रियाशील म्हणून, हे मात्र नुसत्या नकाशावरून नेहमी कळत नाही.) नकाशातला प्रत्येक बिंदू म्हणजे तिथे मुद्दाम घडवलेली एक अभिक्रिया.

मग पाहणे कुठे संपते आणि कोरणे कुठे सुरू होते? १९९०मध्ये मँडलर आणि बार्ड यांनी गॅलियम आर्सेनाइडवर टोक नेले आणि द्रावणातल्या ब्रोमाइडपासून तिथल्या तिथे ब्रोमीन तयार केले. ब्रोमीन अर्धवाहकाला खाते आणि पुन्हा ब्रोमाइड होऊन टोकाकडे परतते. खड्डा पडण्याचे काम ज्या फेऱ्यातून होते, त्याच फेऱ्याच्या प्रवाहावरून खड्डा पडतो आहे हेही कळते. इथे मोजणी आणि कोरीवकाम वेगळे काढताच येत नाही.

गंजाच्या अभ्यासात हे जास्त बोचते. गंजाचा खड्डा सूक्ष्म ठिकाणी, अवचित सुरू होतो. अख्ख्या पत्र्याची सरासरी मोजली तर तो तीत बुडून जातो. त्याची वाट पाहत बसण्याऐवजी काहींनी टोकाशीच क्लोराइड तयार करून लोखंडाचा संरक्षक थर फोडला. हा खड्डा कृत्रिम, असा आक्षेप घेता येईल, आणि तो खोटा नाही. तरी मला हाच खड्डा अधिक प्रामाणिक वाटतो. तो कुठे पडला, केव्हा पडला, कशाने पडला, हे सांगता येते. समुद्रकाठच्या कठड्यावर आपोआप पडलेल्या खड्ड्याबद्दल यातले बहुतेक अंदाजानेच सांगावे लागते.