गाणं कधी थांबावं?

गल्लीत कुणी गेलं की आमच्याकडे रेडिओ बंद होतो. बंद करा म्हणून कुणी सांगायला येत नाही, हात आपोआप जातो. लग्न आधीच ठरलेलं असेल तर वरात निघते, पण दुखवट्याच्या घरापाशी आली की वाजंत्री वाद्यं खाली घेतात आणि चार घरं पुढे गेल्यावर पुन्हा सुरू करतात. ही रीत कुठल्या ग्रंथात लिहिलेली नाही, तरी ती मोडायचं धाडस सहसा कुणी करत नाही.

पण गल्ली संपते कुठे? पूर्वी ते सोपं होतं. आवाज पोचेल तिथवर गल्ली. आता फोन उघडला की हजार किलोमीटरवरचं दुःखही उंबऱ्याशी येऊन बसतं. जगातल्या प्रत्येक मरणासाठी गाणं थांबवायचं म्हटलं तर जन्मात कुणाला गाता यायचं नाही. आणि कशासाठीच थांबायचं नाही म्हटलं, तर मग ती रेडिओकडे जाणारी आपली बोटं खोटी ठरतात. या प्रश्नाने मला २०२३ च्या हिवाळ्यात फार छळलं.

त्या वर्षी १२ नोव्हेंबरला दिवाळी होती आणि ३० ला विधानसभेचं मतदान. आमचं तलमडुगु बोथ मतदारसंघात येतं. कापूस वेचणीचे दिवस, त्यात दंडारीचे दिवस, त्यात प्रचार. एकाच रस्त्यावरून दोन तऱ्हेचं संगीत चालायचं. दंडारी म्हणजे राजगोंडांचा दिवाळीचा सण. एका गावची मंडळी दुसऱ्या गावी पाहुणी जातात. मोरपिसांचे मोठे मुकुट घातलेले गुसाडी, अंगाला राख, सोबत ढोल, डप्पू, पेपरे. गुसाडी झालेला माणूस तेवढे दिवस अंगाला पाणी लावत नाही, ते व्रतच असतं. मार्लवाईच्या कनकराजूंना या नाचासाठी पद्मश्री मिळाली, तेव्हा बाहेरच्या लोकांना त्याचं नाव कळलं. आमच्या कानांना तो जुनाच आहे.

आणि त्याच रस्त्यावर प्रचाराच्या गाड्या. तेलंगणात राजकारणाला गाण्याशिवाय चालतच नाही. वेगळ्या राज्याची चळवळ इथे भाषणांइतकीच गाण्यांवर उभी राहिली. त्याच वर्षी ६ ऑगस्टला गद्दर गेले. खांद्यावर घोंगडं, पायात घुंगरू, हातात काठी, आणि समोर माणसांचा समुद्र. प्रचाराच्या गाडीवरचं गाणं मात्र वेगळं. ते आधीच भरून आणलेलं असतं. समोर कोण आहे याच्याशी त्याला देणंघेणं नसतं. दवाखान्यापुढून जाताना त्याचा जो आवाज, तोच माळावरून जाताना.

२८ नोव्हेंबरला संध्याकाळी पाच वाजता प्रचार थांबला. मतदान संपण्याआधीचे ४८ तास कायद्याने शांततेचे असतात. आमच्यात सामायिक ४८ मिनिटांचं असतं. मनात आलं, कायदा करणाऱ्यांनीही ओळखलंय की निर्णय घ्यायचा तर आधी गलबला थांबायला हवा.

३ डिसेंबरला, रविवारी, निकाल लागला. सरकार बदललं. गुलाल, फटाके, डीजे. त्याच रात्री चेन्नईवर पाऊस कोसळत होता. मिचाँग नावाचं चक्रीवादळ किनाऱ्याशी आलं होतं. ४ तारखेला चेन्नईचा विमानतळ बंद पडला, ५ ला दुपारी वादळ आंध्रात बापटलाजवळ जमिनीवर आलं. पाऊस ओसरला तरी चेन्नईच्या वेळाचेरी, पळ्ळिकरणै अशा सखल भागांत पाणी दिवसेंदिवस तुंबून राहिलं. वीज नाही, फोन नाही. आमच्याकडे नुसतं आभाळ भरून आलं होतं. बायका घाईघाईने कापूस वेचत होत्या.

आमच्या शेजारणीचा मुलगा वेळाचेरीत नोकरीला. रविवारी रात्री बोलला, सोमवारी फोन बंद. सोमवारी संध्याकाळी तिच्या दारावरून मिरवणूक गेली. कुठल्या पक्षाची ते महत्त्वाचं नाही, दुसऱ्याची असती तरी अशीच गेली असती. डीजेने खिडक्यांची तावदानं थरथरत होती. मला राहवेना. पोरांना सांगून आवाज कमी करून घेऊ, म्हणून मी चप्पल घालत होते. तिने माझा हात धरला.

“वाजू दे अक्का. एवढ्या आवाजात मी रडले तर सुनेला तरी ऐकू जायचं नाही.”

दुसऱ्या दिवशी, मंगळवारी, आमच्या घरी बायकांचं भजन ठरलेलं होतं. रद्द करावं असं सगळ्यांचं मत पडलं. संध्याकाळी तीच दारात येऊन उभी. म्हणाली, “आज आवाज नाही तुमचा? रोजच्यासारखं म्हणा. शांततेत मला नुसतं पाणीच दिसतं.” मग आम्ही बसलो. तिचा फोन पेटीशेजारी पाटावर ठेवला. टाळ हळू वाजवले. एक भजन संपलं की थांबायचं, फोनकडे बघायचं, मग दुसरं. फोन त्या संध्याकाळी आला नाही. बुधवारी सकाळी आला. मुलगा वरच्या मजल्यावर सुखरूप होता, खालचा मजला पाण्यात.

त्या दोन संध्याकाळी मी पुष्कळदा शेजारी शेजारी ठेवून पाहिल्या आहेत. दोन्हींत संगीत होतं. एकात फोन वाजला असता तरी कळला नसता. दुसऱ्यात सगळ्यांचा एक कान फोनकडे होता.

आमच्या धर्मात हिंसेची व्याख्या करताना उमास्वामींनी जीव घेण्याच्या आधी प्रमाद घातला आहे. प्रमाद म्हणजे बेसावधपणा, भान नसणं. समंतभद्रांनी श्रावकांसाठी अनर्थदंड सांगितला, म्हणजे काही कारण नसताना उगाच होणारी हिंसा. त्याच्या पाच प्रकारांत प्रमादचर्या आहे, तशी दुःश्रुतीही आहे, म्हणजे मन बिघडवणारं ऐकणं. लहानपणी मला वाटायचं, ऐकण्याने कसली हिंसा होणार? निवडणुकीच्या एका मोसमात ते समजलं. दुसऱ्याचा द्वेष शिकवणारं गाणं महिनाभर कानावर पडलं की माणूस नकळत गुणगुणायला लागतो.

आणि आठवते ती आदिपुराणातली नीलांजना. ऋषभदेवांच्या राजसभेत ती नाचत होती. नाचता नाचता तिचं आयुष्य संपलं. रसभंग नको म्हणून इंद्राने डोळ्याचं पातं लवायच्या आत तिच्या जागी तशीच दुसरी नर्तकी उभी केली. वाद्यं थांबली नाहीत, ताल चुकला नाही, सभेला काही कळलं नाही. कळलं एकट्या ऋषभदेवांना, आणि त्यांचं वैराग्य तिथून सुरू झालं. ही कथा आपण संसाराच्या नश्वरतेसाठी सांगतो, ते खरंच. पण मला तीत ती सभाही दिसते. एक बाई डोळ्यांदेखत मेली आणि कुणाचं लक्ष नव्हतं. सभेत नाच होता हा दोष नव्हे. एवढ्या सभेत बघणारा एकच निघाला, हा दोष.

म्हणून ‘गाणं बंद करा’ असं सरसकट म्हणणाऱ्यांशी माझं जमत नाही. गाणं थांबलं की कुणाची चूल थांबते, तेही पाहायला हवं. डप्पू वाजवणारा शेतमजूर असतो. पावसात कापूस गेला तर मजुरी गेली, त्यात सुपारीही रद्द झाली तर त्याने काय खायचं? चेन्नईत वादळानंतर दहा दिवसांनी, १५ डिसेंबरला, म्युझिक अकॅडमीचा संगीत महोत्सव ठरल्याप्रमाणे सुरू झाला. काहींना ते खटकलं असेल. पण त्या मोसमावर मृदंगवाले, व्हायोलिनवाले, सभांच्या उपाहारगृहांतले आचारी, सगळ्यांचं वर्ष उभं असतं. ती अकॅडमीही १९२७ च्या मद्रास काँग्रेस अधिवेशनाबरोबर भरलेल्या संगीत परिषदेतून जन्मली. राजकारण आणि संगीत एका मांडवात बसणं काही नवं नाही.

गोंडांकडे तर मृत्यूनंतरच्या विधींत परधानाचं वाजवणं लागतंच. आपण दुःखात वाद्य खाली ठेवतो, ते हातात घेतात. दोन्हींत मान मेलेल्यालाच.

१९७० च्या नोव्हेंबरात पूर्व पाकिस्तानच्या किनाऱ्यावर चक्रीवादळ आलं. तीन ते पाच लाख माणसं गेली असा अंदाज आहे. महिन्याच्या आत, ७ डिसेंबरला, तिथे सार्वत्रिक निवडणूक झाली. सरकारने मदतीत केलेली हयगय लोकांच्या मनात ताजी होती. कौल लागला, तो मानला गेला नाही, कत्तल झाली, निर्वासितांचे लोंढे भारतात आले. तेव्हा १ ऑगस्ट १९७१ ला न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये पंडित रविशंकर आणि जॉर्ज हॅरिसन यांनी बांगलादेशासाठी मैफल केली. सुरुवातीला रविशंकर आणि अली अकबर खाँ वाद्यं जुळवत होते, तेवढ्यातच श्रोत्यांनी टाळ्या वाजवल्या, हा किस्सा प्रसिद्ध आहे. लोक हसतात त्या श्रोत्यांना. मला ते तितके हसण्यासारखे वाटत नाहीत. जुळवणं म्हणजे आधी दुसऱ्याचा सूर ऐकणं, मग आपला लावणं. त्या दिवशी दाद द्यावी असं तेही होतंच की.

तेव्हा गल्ली कुठे संपते, याचं उत्तर मला नकाशावर सापडत नाही. गाणं सुरू करण्याआधी मी एवढंच पाहते, की या आवाजात कुणाची हाक बुडणार आहे का. बुडणार असेल तर आवाज उतरवायचा, प्रसंगी बंदही करायचा. नसेल तर गावं, आणि ज्याला रडायचंय त्याला आपल्यात बसायला जागा ठेवावी. निवडणुका येतील, वादळंही येतील, दंडारीचे ढोल दर दिवाळीला येतीलच. ४८ तासांची शांतता कायदा देतो. बाकीच्या दिवसांत कान उघडा ठेवणं आपल्यालाच जमवावं लागतं.