मालकी आणि अमानत

भारतीय राज्यघटनेच्या कलम 51 क मध्ये नागरिकांची मूलभूत कर्तव्ये सांगितली आहेत. त्यांतले एक कर्तव्य सार्वजनिक मालमत्ता सुरक्षित ठेवण्याचे आहे. आम्ही उर्दू माध्यमाच्या शाळेत हे कर्तव्य दरवर्षी मुलांकडून पाठ करून घेतो. पाठात उदाहरणेही ठरलेली असतात: बाकावर नाव कोरू नये, बसची काच फोडू नये, नळ उघडा ठेवू नये. या सगळ्या उदाहरणांत नुकसान करणारा नेहमी सामान्य माणूस असतो आणि सांभाळणारे सरकार, नगरपालिका किंवा एखादे मंडळ असते. ज्याच्या हाती सांभाळण्याचे काम दिले त्यानेच ती वस्तू दुसऱ्याला देऊन टाकली तर काय म्हणायचे, हा प्रश्न त्या पाठात नाही. त्याने ती चोरून नव्हे, तर कायद्याप्रमाणे, ठराव करून आणि पैसे मोजून घेऊन दिली असेल, तर तो आणखी अवघड होतो. या लेखात आम्हाला याच प्रश्नाचा विचार करायचा आहे.

आपल्या भाषेत जमिनीशी असलेल्या नात्याला तीन वेगळे शब्द आहेत. कागदावर नाव असते ती मालकी. प्रत्यक्ष ताब्यात असते तो कबजा. आणि वर्षानुवर्षे ज्या वाटेने लोक जातात-येतात ती वहिवाट. खाजगी जमिनीचे खटले या तीन शब्दांभोवती फिरतात. सार्वजनिक वस्तूला मात्र चौथा शब्द लागतो, तो अमानत. घर भाड्याने घेताना आपण जी 'अनामत' ठेवतो, तिच्यात हाच शब्द रूप बदलून बसला आहे. अमानत ज्याच्याजवळ ठेवली, त्याच्या घरात ती असते, कुलूप त्याचे असते, किल्लीही त्याचीच असते. तरी ती वस्तू त्याची नसते. आमचे म्हणणे असे की सार्वजनिक पैसा लागला त्या क्षणी मालकाचा अमानतदार होतो, मग सात-बारावर किंवा करारावर काहीही लिहिलेले असो.

यासाठी उदाहरण घेतो ते बरेच दूरचे, इंग्लंडमधल्या कॉव्हेन्ट्री शहराच्या फुटबॉल स्टेडियमचे. दूरचे घेण्याचे कारण असे की तिथली बरीचशी कागदपत्रे न्यायालयात उघडी झाली आहेत, आणि त्या भांडणात आपला कुणाचाही हितसंबंध नाही. परक्याच्या वादात आपली न्यायबुद्धी जरा जास्त स्वच्छ चालते.

कॉव्हेन्ट्री हे सायकलींचे आणि मोटारींचे शहर. सिंगर सायकल कारखान्यातल्या कामगारांनी 1883 मध्ये एक फुटबॉल संघ काढला. तोच पुढे कॉव्हेन्ट्री सिटी झाला. 1899 पासून शंभराहून अधिक वर्षे तो हायफील्ड रोडच्या मैदानावर खेळला. 1987 मध्ये त्याने एफ.ए. कप जिंकला. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस क्लबच्या चालकांनी मोठ्या नव्या स्टेडियमचे स्वप्न पाहिले. पण 2001 मध्ये संघ पहिल्या श्रेणीतून खाली घसरला, उत्पन्न आटले आणि ते स्वप्न क्लबच्या आवाक्याबाहेर गेले. तेव्हा शहराची नगरपालिका पुढे आली. फोलशिल भागातल्या गॅस कारखान्याची पडीक जागा होती. शेजारची जमीन टेस्को या दुकान-साखळीला विकून पैसा उभारला गेला आणि 2005 मध्ये सुमारे 32,600 आसनांचे स्टेडियम उभे राहिले. ते चालवणाऱ्या कंपनीत निम्मा वाटा नगरपालिकेचा होता. उरलेला निम्मा, मुळात क्लबचा असलेला वाटा, हिग्ज कुटुंबाच्या नावाने चालणाऱ्या धर्मादाय संस्थेने 2003 मध्ये सुमारे 65 लाख पौंडांना घेतला होता. ही संस्था त्या परिसरातल्या वंचित मुलांसाठी काम करते, हे लक्षात ठेवावे. पुढे त्याची गरज पडेल.

ज्या क्लबच्या नावाने हे सारे झाले, तो क्लब आता आपल्याच घरात भाडेकरू होता. भाडे वर्षाला सुमारे 13 लाख पौंड, आणि सामन्याच्या दिवशी होणाऱ्या खाण्यापिण्याच्या विक्रीचे उत्पन्न मात्र त्याला नाही. डिसेंबर 2007 मध्ये बुडण्याच्या बेतात असलेला क्लब सिसू नावाच्या हेज फंडाने घेतला. हेज फंड म्हणजे श्रीमंत गुंतवणूकदारांचा पैसा गोळा करून नफ्याच्या जागी लावणारी पेढी. 2012 मध्ये संघ तिसऱ्या श्रेणीत गेला. त्याच वर्षी क्लबने भाडे देणे बंद केले. स्टेडियमची कंपनी बँकेच्या कर्जाखाली दबू लागली, तेव्हा जानेवारी 2013 मध्ये नगरपालिकेने स्वतः 1 कोटी 44 लाख पौंडांचे कर्ज देऊन तिला बँकेतून सोडवले. सिसूने न्यायालयात धाव घेतली. हा सार्वजनिक पैशाचा बेकायदा वापर आहे, अशी तिची तक्रार होती.

मग जे घडले ते फुटबॉलच्या चाहत्यांना न सोसणारे होते. 2013 च्या हंगामात क्लबने आपले घरचे सामने सुमारे 55 किलोमीटर दूर, नॉर्थॅम्प्टनला नेले. बत्तीस हजार आसनांचे स्टेडियम गावात रिकामे, आणि संघ परगावात दोन-अडीच हजार प्रेक्षकांसमोर खेळतो आहे. काही चाहत्यांनी तिकीट न काढता मैदानाबाहेरच्या टेकडीवर उभे राहून सामने पाहिले. क्लबच्या मालकांना पैसा द्यायचा नाही आणि संघाला सोडायचेही नाही, या दोन गोष्टी त्यांनी अशा जमवल्या.

30 जून 2014 ला उच्च न्यायालयाने सिसूचा दावा फेटाळला. नगरपालिकेचे कर्ज बेकायदा नाही, समंजस खाजगी गुंतवणूकदारानेही तसे केले असते, असे न्यायालयाने ठरवले. भाडे रोखण्यामागे स्टेडियम कंपनीची किंमत पाडण्याचा हेतू होता, हेही नोंदवले. 5 सप्टेंबर 2014 रोजी संघ घरी परतला आणि त्या रात्री 27 हजारांवर लोक आले. सारे सुरळीत झाले असे वाटत असतानाच, जेमतेम एक महिन्याने, नगरपालिकेने आपला निम्मा वाटा वॉस्प्स या रग्बी क्लबला विकला. किंमत 27 लाख 70 हजार पौंड. पाठोपाठ हिग्ज संस्थेनेही आपला वाटा तेवढ्यालाच दिला. शिवाय भाडेपट्ट्याची मुदत वाढवून 250 वर्षे केली गेली. वॉस्प्स हा मूळचा लंडनचा क्लब. तो तेव्हा जवळजवळ 130 किलोमीटरवर हाय विकम इथे खेळत होता आणि कॉव्हेन्ट्रीशी त्याचा काही संबंध नव्हता.

आता नैतिक हिशेब मांडू.

पहिला आक्षेप मुळालाच हात घालतो. खेळाच्या मैदानासाठी सार्वजनिक पैसा का खर्चावा? ज्याला फुटबॉलमध्ये रस नाही अशा करदात्याने त्याचा भार का उचलावा? हा आक्षेप आम्ही हलका मानत नाही. पण ज्याला वाचनात रस नाही तोही वाचनालयासाठी कर भरतो आणि ज्याला मुले नाहीत तोही शाळेसाठी भरतो. एकत्र राहण्याची किंमत अशीच वाटून घेतली जाते. प्रश्न खर्च करावा की नाही एवढाच नाही. खर्च केल्यावर ती वस्तू सर्वांची राहते की नाही, हा खरा प्रश्न आहे. याची उलटी बाजू लंडनमध्ये दिसते. 2012 च्या ऑलिम्पिकचे स्टेडियम वेस्ट हॅम क्लबसाठी बदलून घेण्याचा खर्च 32 कोटी 30 लाख पौंडांवर गेला. त्यात क्लबचा वाटा 1 कोटी 50 लाख आणि वर्षाचे भाडे मूळ करारात 25 लाख. म्हणजे एका खाजगी धंद्याचा खर्च जनतेने उचलला. कॉव्हेन्ट्रीत क्लबला भाडे जड झाले, लंडनमध्ये ते जनतेला जड झाले. अमानतदाराने अमानत फुकट वाटू नये, तशी ती सावकारासारखी वापरूही नये.

दुसरा हिशेब सिसूचा. 'सार्वजनिक पैसा' हे शब्द न्यायालयात तिने उच्चारले, पण ज्याच्यामुळे तो पैसा घालावा लागला ते भाडे तिनेच थकवले होते. जनतेचे नाव घेणारा प्रत्येक जण जनतेसाठी बोलत नसतो. इथे आमच्या मनात शंका नाही.

तिसरा हिशेब नगरपालिकेचा, आणि तोच अवघड आहे. कायद्याने ती निर्दोष ठरली. कर्जाच्या बाबतीत 2016 मध्ये अपील न्यायालयाने निकाल कायम ठेवला. विक्रीच्या बाबतीत 2018 मध्ये अपील न्यायालयाने आणि 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सिसूला पुढे जाऊ दिले नाही. कर्जही 2015 मध्ये परत मिळाले. मग तक्रार कशाची? तक्रार अशी की कायद्याने विचारलेला प्रश्न एवढाच होता : किंमत व्यवहाराला धरून होती का? अमानतीचा प्रश्न निराळा आहे : ज्यांची वस्तू, त्यांना विचारले का? विक्रीचा तपशील बंद दाराआड ठरला. सव्वीस-सत्तावीस हजार माणसे ज्या घरी महिन्यापूर्वी परतली होती, ते घर जाते आहे हे त्यांना व्यवहार जवळजवळ पुरा झाल्यावर समजले. आणि 250 वर्षे! ज्या सभासदांनी हात वर केले त्यांची मुदत चार वर्षांची. चार वर्षांसाठी निवडलेल्या माणसाने दहा पिढ्यांचा हक्क बांधून टाकावा, हे कायद्यात बसत असेल, पण अमानतीत बसत नाही. पैशाची तूट भरून काढता येते, 250 वर्षांची तशी काढता येत नाही.

नगरपालिकेच्या बाजूने एक गोष्ट म्हणता येते, आणि ती म्हटली पाहिजे. भाडे न देणाऱ्या, कोर्टकचेऱ्या करणाऱ्या मालकाशी व्यवहार करायला ती थकली होती. पण अमानतदार थकला म्हणून अमानत परक्याच्या हाती देत नाही. ज्यांची आहे त्यांच्यासमोर आणून ठेवतो.

चौथा हिशेब भोगणाऱ्यांचा. वंचित मुलांसाठीच्या संस्थेने सुमारे 65 लाखांत घेतलेला वाटा 27 लाख 70 हजारांत गेला. मधली तूट कुठल्या तरी मुलांच्या वाट्याची होती. मोठ्यांच्या भांडणात ती मुले कोणत्याच न्यायालयात वादी नव्हती. वॉस्प्सने 2015 मध्ये स्टेडियमच्या तारणावर सामान्य लोकांकडून साडेतीन कोटी पौंडांचे रोखे उभारले. मे 2022 मध्ये ते फेडता आले नाहीत आणि ऑक्टोबरमध्ये क्लबच दिवाळखोरीच्या प्रशासनात गेला. दरम्यान वॉस्प्स व सिसू यांच्या कोर्टबाजीमुळे 2019 ते 2021 अशी दोन वर्षे फुटबॉल संघाला पुन्हा घर सोडून बर्मिंगहॅमला खेळावे लागले. नोव्हेंबर 2022 मध्ये फ्रेझर्स ग्रुप या दुकानदारी करणाऱ्या कंपनीने स्टेडियम 1 कोटी 70 लाखांना घेतले आणि महिनाभरातच क्लबच्या हाती जागा सोडण्याची नोटीस आली. पुढे तडजोड झाली. जानेवारी 2023 मध्ये क्लबला नवा मालक मिळाला आणि ऑगस्ट 2025 मध्ये त्या मालकीखाली क्लबने स्टेडियम विकत घेतले. उद्घाटनानंतर वीस वर्षांनी संघ आणि मैदान एका छपराखाली आले.

शेवट गोड झाला, असे कुणी म्हणेल. आम्हाला ते पुरते पटत नाही. आज क्लबचा मालक भला आहे म्हणून मैदान सुरक्षित आहे. उद्या तो बदलला तर? चांगल्या माणसाच्या भरवशावर चाललेली व्यवस्था ही व्यवस्था नव्हे, नशीब आहे. जुलै 2025 मध्ये ब्रिटनच्या संसदेने फुटबॉल कारभाराचा कायदा केला. मोठ्या श्रेणीतल्या क्लबला आता आपले मैदान विकायचे, तारण ठेवायचे किंवा गावाबाहेर न्यायचे असेल तर स्वतंत्र नियामकाची मंजुरी लागेल. ही मोठी गोष्ट आहे. पण हा कायदा क्लबना बांधतो. उद्या एखाद्या नगरपालिकेनेच आपला वाटा विकायचे ठरवले तर तिला थांबवायला तो नाही. त्यासाठी नागरिकच लागतात.

चाहत्यांची वहिवाट म्हणजे मालकी का? नाही. चाळीस वर्षे एकाच जागी बसून सामना पाहणाऱ्याला ती खुर्ची विकता येत नाही. पण वहिवाटीचा अर्थ आपल्या गावातल्या म्हाताऱ्या माणसालाही ठाऊक असतो : वाट तुझ्या शेतातून जात असली तरी ती तू नांगरू शकत नाहीस. सार्वजनिक पैशाने बांधलेल्या प्रत्येक गोष्टीतून, मग ते मैदान असो, वाचनालय असो की शाळेची इमारत, लोकांची अशी वाट गेलेली असते. ती नांगरण्याआधी त्यांना विचारावे लागते, आणि हिशेब नंतर न देता आधी द्यावा लागतो.

फौजदारी कायद्यात न्यासभंग नावाचा गुन्हा आहे. त्यासाठी खोटा हेतू सिद्ध व्हावा लागतो. कॉव्हेन्ट्रीच्या नगरपालिकेचा हेतू खोटा नव्हता, म्हणून तिने गुन्हा केला नाही. तरीही शहराची एक वस्तू शहराला न विचारता गेली. कायद्याच्या आणि अमानतीच्या मधे ही जी रिकामी जागा राहते, ती भरण्याचे काम न्यायाधीश करू शकत नाही. सार्वजनिक मालमत्तेचे रक्षण हे नागरिकाचे कर्तव्य आहे, असे आम्ही मुलांना शिकवतो ते खरेच आहे. मात्र ते बाकापुरते शिकवून भागणार नाही. ज्यांच्या हाती किल्ली दिली आहे त्यांना वेळेवर प्रश्न विचारणे, हाही त्याच कर्तव्याचा भाग आहे.